सरपणाचा आडोसा

कुंपण टिकण्यासाठी असतं आणि सरपण जळण्यासाठी. त्यामुळे परसात लाकडं नीट रचून त्यांचाच आडोसा करायचा, ही थंड देशांतली रीत मला जरा गमतीची वाटते. उन्हाळ्यात पुरुषभर उंच असलेली भिंत हिवाळाभर चुलीत जाते आणि वसंतात शेजारी पुन्हा दिसायला लागतो!

फिनलंडमध्ये एक घनमीटर लाकडाच्या राशीला खास शब्द आहे : मोत्ती. १९३९-४०च्या हिवाळी युद्धात फिनिश सैन्याने सोव्हिएत फौजेचे तुकडे पाडून त्यांना जंगलात कोंडलं, त्या कोंडीलाही हेच नाव पडलं.

पण मला जास्त भिडते ती त्यानंतरची गोष्ट. १९४१ ते ४४च्या युद्धात परदेशी कोळशाची टंचाई झाली आणि पुरुष तर आघाडीवर. मग कारकून, बायका, शाळकरी पोरं कुऱ्हाडी घेऊन जंगलात गेली. प्रत्येकाने निदान एक मोत्ती लाकूड तोडावं, अशी ती मोहीम होती. तोडणाऱ्याला कुऱ्हाडीच्या आकाराचा बिल्ला मिळे. हेलसिंकीच्या हाकानिएमी चौकात, जिथे एरवी बाजार भरतो तिथे, माणसाहून कितीतरी उंच राशी उभ्या राहिल्या.

एरवी शेजाऱ्याची नजर अडवणारी रास अशी भर चौकात, सगळ्या गावाची झाली. उणे वीसच्या थंडीत आडोशाची चैन कोणाला परवडणार? तिथे ऊब आधी. असो.