तहानलेल्या गाड्या

गेल्या मे महिन्यात वेल्ह्याच्या पुढे, एका कच्च्या चढावर, माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचा नव्हे. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध शांत बसला होता. या दिव्यात एक दातेरी चाक होतं आणि चाकाच्या पोटात थर्मामीटर. खाली सूचना: ट्रान्समिशन गरम झालं आहे, सुरक्षित जागी थांबा.

सुरक्षित जागा नव्हती. चाकांखाली घोटाभर फुफाटा, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला करवंदीची जाळी. पुढे मैत्रिणीची वीस वर्षं जुनी जिप्सी, हाताने गिअर टाकायची, केव्हाच वर पोचली होती. ती वरून ओरडली, "क्लच जळला का गं?"

मला क्लचचं पेडलच नाही. ऑटोमॅटिक आहे. सगळी भानगड तिथेच होती.

गाडी न्यूट्रलला टाकून, इंजिन चालू ठेवून अर्धा तास बसले. इंजिन चालू असलं की गिअरबॉक्सचं तेल फिरत राहतं, म्हणून. दिवा विझला. हळूहळू वर गेले, संध्याकाळी पुण्यात आले आणि घरी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तेल तापलं? पाणी नाय?"

आबा नगर जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत जीपवर ड्रायव्हर होते. त्यांच्या लेखी गाडीत तापतं ते पाणी. आणि खरं तर मोटारीचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

१८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्टझहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटर. ही गोष्ट सांगताना तिने हॅटच्या पिनेने इंधनाची नळी साफ केली आणि औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं, हे सगळे सांगतात. पाण्याचं कमी सांगतात. त्या गाडीला रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि वाटेत विहीर, ओढा, खानावळ जे दिसेल तिथे पुन्हा भरायचं. म्हणजे जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा गावोगावी पाणी मागत केलेला प्रवास होता.

यावर पक्का इलाज काढला विल्हेल्म मायबाख यांनी. १९००-०१च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० बारीक नळ्या, त्यांतून हवा जाते, त्यांच्याभोवती पाणी फिरतं, मागे पंखा. सगळं काम नऊ लिटर पाण्यात. पाणी उडून जाऊ द्यायचं नाही, तेच तेच गार करून वापरायचं. आज तुमच्या घरासमोर उभ्या असलेल्या कोणत्याही पेट्रोल-डिझेल गाडीचं नाक उघडून बघा, कल्पना तीच आहे.

जीपचंही तेच. तरुण पोरं काचेवर जीपच्या तोंडाचे स्टिकर लावतात, दोन गोल दिवे आणि मधे उभ्या फटी. त्या फटी शोभेसाठी नाहीत. १९४०मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी टेहळणी गाडी हवी होती, त्यातून जीप जन्मली. विलीज कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्यांना रेडिएटरपुढे लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डने ती एका पत्र्यातून ठोकून काढली, नऊ फटींची; हलकी आणि स्वस्त. युद्धानंतरच्या नागरी जीपला मोठे दिवे बसवले, फटी सात उरल्या. ज्याला आपण चेहरा म्हणतो तो रेडिएटरचा झरोका आहे.

ही जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत आली, सुट्या भागांवरून जुळवली जाऊ लागली, आणि तालुक्या-तालुक्याला बीडीओ साहेबांची जीप म्हणून पोचली. आबांकडे होती ती पेट्रोलवरची, उंच बॉनेटची. रेडिएटरमध्ये दहा-अकरा लिटर पाणी.

ते वर्ष बहात्तर-त्र्याहत्तरचं. महाराष्ट्रातला दुष्काळ तुम्ही धड्यात वाचला असेल: सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. आबांचं काम साहेबांना दुष्काळी कामांवर नेणं. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग, रोज तीन-चार ठिकाणं. रस्ते कसले, गाडीवाटाच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन् तास, अंगावर ऊन, आणि हळू चालणाऱ्या गाडीला समोरून वारा लागत नाही. रेडिएटर जुना, एका कोपऱ्यात झिरपणारा. झिरपणं थांबवायला आबा त्यात हळद टाकत. ही युक्ती सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल बांधलेली असे. तिच्यातलं गार पाणी साहेबांना प्यायला. ती गार राहते कारण कापडातून पाझरणारं पाणी वाऱ्यावर उडतं. बर्थाबाईंच्या इंजिनाचंच तत्त्व.

एका दुपारी एका वस्तीजवळ जीप उकळली. छागल रिकामी होती. आबा डबा घेऊन पहिल्या घरी गेले. दारात म्हातारी बसली होती, तिच्यामागे एक हंडा. टँकर दोन दिवसांनी येणार होता. आबांनी पाणी मागितलं. तिने आधी गुळाच्या खड्यासाठी हाक मारली. वाटलं, प्यायला मागतोय. मग आबांनी सांगितलं, "मला नको, गाडीला पायजे."

"गाडीला?" ती म्हणाली, "तुझी जीप पिती का रे माणसावानी?"

दिलं तिने. अर्धी कळशी. ती रेडिएटरमध्ये ओतताना कॅपमधून पहिला फवारा उडाला आणि तांब्याभर पाणी मातीत गेलं. ते म्हातारीने पाहिलं. काही बोलली नाही. आबा म्हणतात, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी डालड्याचा रिकामा डबा घेतला आणि रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीखाली तारेने बांधला. उकळून बाहेर पडणारं पाणी आता रस्त्यावर न सांडता डब्यात. संध्याकाळी निवलं की ते परत आत ओतायचं. सरकारी गाडीला परवानगीशिवाय काही जोडलं म्हणून त्यांना तोंडी समज मिळाली. डबा त्यांनी काढला नाही. आजच्या गाडीत बॉनेटखाली जी पांढरी प्लास्टिकची कूलंटची बाटली दिसते, ती याच कामाची आहे.

तर, पाणी समजलं. तेल का तापतं?

यासाठी पुन्हा जर्मनीत जावं लागतं, पण या वेळी जहाजांच्या कारखान्यात. हेरमान फ्योटिंगर श्टेटिनच्या गोदीत इंजिनिअर होते. वाफेचं टर्बाइन भन्नाट वेगाने फिरतं आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच नीट ढकलतो. दोघांची सोयरीक जुळवायची कशी? दातेरी चाकांऐवजी त्यांनी मधे द्रव घातला आणि १९०५मध्ये पेटंट घेतलं. टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद टेबलफॅन ठेवा, तोही फिरायला लागेल. हवेऐवजी द्रव आणि दोन्ही पंखे एका डब्यात बंद, मधे द्रवाची दिशा वळवणारी पाती, असं समजा. हाच टॉर्क कन्व्हर्टर. दोन पंख्यांमध्ये कशाचाच लोखंडी स्पर्श नाही, म्हणून गाडी मऊ चालते. पण पहिला पंखा जोरात आणि दुसरा हळू फिरत असेल, तर मधला फरक कुठे जातो? द्रव घुसळण्यात. म्हणजे उष्णतेत. चढावर गाडी अडली आणि तुम्ही अॅक्सिलरेटर दाबून धरलात, तर इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात खर्च होते. जहाजाला त्याचं काय, चहूकडे समुद्र.

(फ्योटिंगर १९४५च्या एप्रिलमध्ये, बर्लिनच्या लढाईत, बॉम्बच्या तुकड्याने गेले.)

मोटारीत द्रवाची ही जोडणी सर्वसामान्यांपर्यंत आणली जनरल मोटर्सने. १९४०च्या ओल्ड्समोबिलला ५७ डॉलर जास्त दिले की हायड्रामॅटिक गिअरबॉक्स मिळायचा. दोनच वर्षांत तो रणगाड्यात गेला: एम५ स्टुअर्टमध्ये दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक. युद्धानंतर कंपनीने जाहिरातींत याचा भरपूर गवगवा केला. फोर बाय फोरमध्ये ऑटोमॅटिक यायला मात्र १९६३ सालची जीप वॅगोनिअर उजाडावी लागली. शेतावरची गाडी आता कुटुंबाची झाली होती, आणि कुटुंबाला क्लच नको होता.

आता या तेलाविषयी, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. हे लाल तेल फक्त वंगण नाही. ते ताकद वाहून नेतं, आतले छोटे क्लच दाबून धरतं, आणि त्या क्लचना ना फार घसरू देतं ना झटक्याने धरू देतं. तापूनही हा गुण टिकवायला अमेरिकेत त्यात अनेक वर्षं स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. आपल्याकडे 'व्हेलच्या उलटीची तस्करी' अशी बातमी दर दोन-तीन महिन्यांनी येते ना, तोच मासा. मासा नव्हे, सस्तन प्राणी. लोक बटन दाबल्यासारखे गिअर बदलत होते आणि त्यामागे समुद्रात भाला मारलेला एक जीव होता.

१९७०मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त यादीत टाकलं आणि त्याचं तेल बंद झालं. चांगलं झालं. पण नव्या तेलाची पहिली मात्रा जमली नाही. तेल गार करायला रेडिएटरच्या टाकीत जी नळी असते, तिची डाखच ते खाऊ लागलं. मग कृती पुन्हा बदलावी लागली. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल रसायनदृष्ट्या व्हेलच्या तेलाच्या जवळ जातं, म्हणून त्या काळात त्याची चर्चा फार झाली. आता ते शाम्पूच्या बाटलीवर दिसतं.

रेडिएटरच्या टाकीतली ती नळी, हीच माझ्या गाडीची अडचण होती. तिच्याभोवती इंजिनाचं पाणी असतं आणि ते पाणीच नव्वद अंशांच्या आसपास. म्हणजे तेल त्याहून गार होऊ शकत नाही. शिवाय नळीला आतून भोक पडलं तर पाणी आणि तेल एक होतात आणि गिअरबॉक्समधून स्ट्रॉबेरी मिल्कशेक निघतो. तो पाहिलेला माणूस मिल्कशेक पीत नाही, असं आमचे मेस्त्री म्हणतात. म्हणून ट्रेलर ओढणारे आणि वाळू-दगडांत गाड्या घालणारे लोक एक वेगळा कूलर बसवतात: फक्त तेलासाठी, फक्त हवेवर चालणारा.

मेस्त्रींनी आधी थोडं तेल काढून दाखवलं. लालचं तपकिरी झालेलं, वास करपलेल्या भातासारखा. गॅरेजवाल्यांचा ठोकताळा असा की साधारण ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. प्रयोगशाळेचा नियम नाही, अंदाज आहे, पण वासाने मला पटला.

मग त्यांनी विचारलं, "ताई, चढावर लोमध्ये टाकली होती का?"

नव्हती. हायमध्येच रेटत होते. लोमध्ये चाकांना जोर जास्त मिळतो, कन्व्हर्टरमध्ये घसरण कमी होते, तेल कमी तापतं. म्हणजे अर्धा दोष माझाच होता, आणि तो कोणताही कूलर बसवून जात नाही. शोरूममध्ये विचारलं तर बाहेरचं काही जोडलं की वॉरंटी गेली, असं ऐकवलं. दोन रात्री विचार केला. आबा म्हणाले, "डबा बांध."

बसवायला एक दुपार गेली. कूलर म्हणजे वहीएवढा, पातळ चपट्या थरांचा अॅल्युमिनियमचा ठोकळा. तो एसीच्या कंडेन्सरपुढे, पण त्याला घासणार नाही असा, स्वतंत्र पट्ट्यांवर बसवला. काही लोक प्लास्टिकच्या टाय रेडिएटरच्या जाळीतून ओवून लटकवतात. वर्षभर हलून हलून त्या जाळीला भोक पाडतात. तेल आधी रेडिएटरमधून, मग कूलरमधून आणि मग गिअरबॉक्सला परत. मधे थर्मोस्टॅट, कारण फार गार तेलही घट्ट होतं आणि गिअर अडखळतात. नळ्या तेलाच्याच, साध्या पाण्याच्या नाहीत. शेवटी वाढीव तेल भरलं आणि पातळी ठरलेल्या तापमानाला तपासली.

जूनच्या पहिल्या पावसाआधी त्याच चढावर पुन्हा गेले, या वेळी लोमध्ये. मोबाइलवर तापमान दिसत होतं. ९७च्या वर आकडा गेला नाही. कूलरचं श्रेय किती आणि लो गिअरचं किती, ते वेगळं काढता आलं नाही.

आबा बरोबर होते. वर पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, जाळीतून बोट घालून कूलरला हात लावला, चटका बसला तसा काढून घेतला.

"यात पाणी किती लागतं?"

"पाणी लागत नाही आबा. नुसता वारा."

त्यांनी परत एकदा वाकून पाहिलं. मग मागच्या सीटवरून पाच लिटरचा पाण्याचा कॅन उचलून माझ्या पायापाशी ठेवला. "तरी असू दे गाडीत," म्हणाले. "कुणाच्या दारात जायला नको."