पानिपतावरून पत्रे येईनाशी झाली तेव्हा

१/ अठराव्या शतकातील मराठी राज्यकारभार पत्रांवर चाले. फौज कोठे पोहोचली, खजिना किती उरला, हे सारे कासीद आणि सांडणीस्वार आणीत. मग पत्रच आले नाही, तर त्याचा अर्थ काय लावावा? पानिपतच्या मोहिमेत नानासाहेब पेशव्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता.

२/ १७ ऑक्टोबर १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. रसद तुटली, आणि दक्षिणेकडे जाणारी टपालाची वाटही त्याच रस्त्यावर होती.

३/ पत्र न येण्याची कारणे अनेक असतात. कासीद मारला गेला असेल. वाटेत नदी किंवा शत्रू आडवा आला असेल. लिहिणाऱ्याला उसंत नसेल. अथवा लिहिणाराच उरला नसेल. पत्राची वाट पाहणाऱ्याला मात्र हे सारे एकसारखेच दिसते.

४/ डिसेंबर १७६० च्या अखेरीस पैठण येथे नानासाहेबांचा दुसरा विवाह झाला. त्याच महिन्यात रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले होते आणि पानिपतावर उपासमार चालू होती. या विवाहावर पुढील पिढ्यांनी कठोर टीका केली. टीका रास्त असेलही. पण ती करताना एक भान हवे. आपल्याला १४ जानेवारी ठाऊक आहे. पैठणला तो दिवस अजून उजाडायचा होता.

५/ पुढे पेशवे उत्तरेकडे निघाले. जानेवारी १७६१ च्या अखेरच्या आठवड्यात, भेलशाच्या परिसरात, त्यांना वर्तमान कळले. ते भाऊंच्या पत्रातून नव्हे, तर एका सावकाराच्या पत्रातून. मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत त्यात विनाश सांगितला होता. दरबाराची वाट बंद पडली, तेव्हाही पेढ्यांची वाट चालू होती.

६/ परंतु निश्चित वर्तमान सर्वांना मिळाले नाही. भाऊंचा देह सापडून दहन झाल्याचे वृत्तांत होते, तरी अनेकांची खात्री पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. त्यांच्यासाठी पतीकडून काहीच न कळणे हीच आशा होती.

७/ त्याच पोकळीत एक तोतया उभा राहिला. तो स्वतःला भाऊ म्हणवीत होता. १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठे बंड माजविले आणि अखेर त्याला देहदंड झाला. एकाच मौनात पत्नीने निष्ठा ओतली आणि तोतयाने महत्त्वाकांक्षा.

८/ इतिहासकारालाही हा मोह होतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि या काळातील पत्रे उजेडात आली. पण जपली गेलेली पत्रे म्हणजे लिहिलेली सर्व पत्रे नव्हेत. एखाद्या सरदाराचे उत्तर दप्तरात नाही, एवढ्यावरून त्याने उत्तर दिलेच नाही असे म्हणता येत नाही. ते वाटेत लुटले गेले असेल किंवा पुढे वाळवीने खाल्ले असेल.

९/ म्हणून मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी वाट तपासावी. निरोप पोहोचला होता का? उत्तर परतू शकत होते का? दुसऱ्या वाटेने काही कळते का? एवढे पाहिल्यावरच अनास्था, संमती किंवा कसूर यांचा ठपका ठेवावा. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले. ज्या पत्राची त्यांनी वाट पाहिली, ते कधीच आले नाही.