हळदीचा डाग आणि पी.एच.चा आकडा

कपड्यावरील हळदीचा डाग साबण लावताच लालसर होतो, हे घरोघरच्या आयांना ठाऊक आहे. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा दिसतो. साबण अल्कधर्मी, लिंबू आम्लधर्मी. हळद दोघांची ओळख पटवते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईलने १६६४ सालच्या आपल्या रंगांवरील ग्रंथात हीच गोष्ट व्हायोलेट फुलांच्या पाकाने दाखविली: आम्लाने पाक लाल, अल्काने हिरवा.

'अल्कली' हा शब्द मूळ अरबी. 'अल्-कली' म्हणजे खाऱ्या जमिनीतील झुडपांची राख. ती साबण व काच करण्यास लागे. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु तीव्र आम्लेही जाबिर इब्न हय्याननेच शोधली, असे भाषणांतून छातीठोकपणे सांगितले जाते, ते जरा जपून सांगावे. आधाराला घेतले जाणारे 'गेबर' या नावाचे लॅटिन ग्रंथ जाबिरनंतर कित्येक शतकांनी युरोपात लिहिले गेले, असे बहुतेक संशोधक मानतात.

रंगावरून प्रकार कळतो, पण माप कसे घ्यावे? स्वीडनच्या अऱ्हेनियसने सांगितले की आम्ल पाण्यात विरघळले म्हणजे हायड्रोजनचे आयन सुटे होतात. आयनांविषयीच्या त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली होती. १९०३ मध्ये त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले! (कमी गुणांच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना पालकांनी हे आठवावे.)

पुढचे पाऊल १९०९ चे. सोरेन्सन हा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एन्झाइमांचा अभ्यास करीत होता. आम्ल किती ओतले याला फारसे महत्त्व नाही, हायड्रोजनचे सुटे आयन किती आहेत यावर एन्झाइमाचे काम अवलंबून असते, हे त्याने दाखविले. पण हे आकडे फार लहान! २५ अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पाण्यात ते ०.०००००१ मोलचाही दहावा भाग असतात, म्हणजे दहाचा उणे सातवा घात. सोरेन्सनने उणे चिन्ह सोडून नुसता ७ घेतला. तोच पी.एच. सातच्या खाली आम्ल, वर अल्क.

येथेच पुष्कळ विद्यार्थी चुकतात. ५ आणि ७ यांत फरक दोनाचा नसून शंभरपटीचा आहे, कारण प्रत्येक पायरी दहापटीची. आपल्या रक्ताचा पी.एच. ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. आणि मातीपरीक्षणाच्या पत्रकावर 'सामू' म्हणून शेतकऱ्याच्या हाती पडतो, तो आकडाही हाच.