तुरुंगाचे फाटक आणि मताचा हक्क

भुसावळ हे गाव वाढले ते आगगाडीमुळे. मुंबईहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग येथे दुभंगतो, एक फाटा नागपूरकडे वळतो आणि दुसरा जबलपूरच्या दिशेने उत्तरेकडे जातो, त्यामुळे उत्तर हिंदुस्थानातून वऱ्हाडाकडे निघालेल्या उतारूला गाडी बदलण्यासाठी येथे थांबावे लागे. सप्टेंबर १९२९ मध्ये भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे चंद्रशेखर आझादांचे दोन तरुण सहकारी याच स्थानकावर सामानाच्या झडतीत शस्त्रे व बॉम्बच्या साहित्यासह सापडले आणि त्यांच्यावरील अभियोग 'भुसावळ बॉम्ब खटला' या नावाने सरकारी दप्तरात नोंदला गेला. फेब्रुवारी १९३० मध्ये जळगावच्या न्यायालयात, लाहोर कटातील माफीचे साक्षीदार जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष साक्षीसाठी हजर असता, माहौर यांनी त्यांच्यावर पिस्तूल झाडले, आणि मूळच्या आरोपात खुनाच्या प्रयत्नाची भर पडली. दोघांनाही मोठ्या मुदतीच्या सजा झाल्या, आणि १९३८ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना त्यांची सुटका झाली.

या दोघांना इतिहासाने क्रांतिकारकांच्या पंक्तीत बसविले हे योग्यच झाले. परंतु तत्कालीन कायद्याच्या दृष्टीने ते गंभीर गुन्ह्यांत सजा भोगलेले कैदी होते, आणि अशा माणसाची सजा संपल्यावर राज्याने त्याला काय काय परत द्यावयाचे हा प्रश्न त्यांच्या बाबतीतही तितकाच खरा होता. शरीराची मोकळीक फाटक उघडताच मिळते. पण ज्या समाजाने त्याला दोषी ठरविले त्या समाजाच्या कारभारात बोलण्याचा अधिकार त्याला केव्हा, कोणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर परत मिळावा? खानदेशच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सापडतात.

त्यांतले पहिले उत्तर मेहेरबानीचे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आल्यानंतर सातपुड्यातील भिल्लांचा बीमोड केवळ पलटणीच्या बळावर होत नाही असे जेव्हा दिसून आले, तेव्हा मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या राजवटीत शरण येणाऱ्यांना माफी, कसण्यासाठी जमीन आणि सरकारी चाकरी देण्याचे धोरण पत्करण्यात आले, आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली; कालपर्यंत ज्यांच्या शिरावर इनाम लावलेले होते ते आज सरकारचे शिपाई झाले. याच परंपरेतला खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात रखवालीचे काम करीत असता एका संशयिताच्या मृत्यूबद्दल दोषी ठरला. त्याला दहा वर्षांची सजा झाली, मुदतीपूर्वी तो सुटला, आणि १८५७ च्या धामधुमीत त्याच्या वजनाची गरज भासताच सरकारने त्याला पुन्हा जुन्या कामावर घेतले; थोड्याच अवधीत तो बंडात सामील झाला आणि अंबापाणीच्या लढाईत इंग्रजांशी झुंजला. त्याचे पद सरकारने आपल्या निकडीपोटी परत दिले होते. त्यावर त्याचा हक्क आहे असे सरकारनेही मानले नव्हते आणि त्यानेही मानले नाही. साहेबाच्या मर्जीने परत आलेला अधिकार साहेबाच्या मर्जीनेच जाऊ शकतो, हे उभयपक्षी ठाऊक असताना निष्ठा उपजावी तरी कोठून?

दुसरे उत्तर विसाव्या शतकातील सुधारणांनी आणले, आणि ते कलमांच्या भाषेत होते. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांचा मताधिकार वाढविला खरा, तरी तो शेतसारा, कर आणि शिक्षण यांच्या कसोटीवर उभा असल्यामुळे लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्श्यापलीकडे गेला नाही. आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात, काळ्या पाण्याची, सक्तमजुरीची अथवा कैदेची सजा जो प्रत्यक्ष भोगीत असेल त्याने मत देता कामा नये, असा निर्बंध घालण्यात आला. उमेदवारीचा नियम याहून कडक होता: दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कैद झालेल्या माणसाला सुटकेनंतर पाच वर्षे विधिमंडळात बसता येत नसे, मात्र गव्हर्नराला आपल्या विवेकाधिकारात ही मुदत कमी करता येई. म्हणजे कायद्याचा पेहराव नवा असला तरी खाज्या नाइकाच्या काळातली मर्जी त्याच्या खिशात शिल्लकच होती.

या तरतुदींचा अर्थ खानदेशला पुस्तकातून शिकावा लागला नाही, कारण जिल्ह्याचे पुढारीपण त्या काळी तुरुंगातच वाढत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे रविवारी गीतेवर प्रवचने करीत होते आणि अमळनेरचे साने गुरुजी ती उतरवून घेत होते. ज्यांचे शब्द पुढे घराघरांत वाचले गेले ते दोघेही सरकारच्या लेखी त्या घडीला केवळ कैदी होते. त्यानंतर चार वर्षांनी, २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी, भुसावळपासून तापीपलीकडे असलेल्या फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली पार पडले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबून उभारलेल्या त्या मांडवात, प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीची मागणी करण्यात आली. व्यासपीठावर व समोरच्या गर्दीत तुरुंगवास भोगलेली माणसे विपुल होती, आणि अवघ्या काही आठवड्यांवर प्रांतिक निवडणुका आल्या होत्या. ज्या कायद्याने कैद्याचे मत नाकारले होते, त्याच कायद्याखाली निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत भुसावळ खटल्यातील कैदी सुटले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

स्वातंत्र्य आले, संविधान झाले, आणि अनुच्छेद ३२६ ने मालमत्ता, शिक्षण, जात व लिंग यांचे सर्व अडसर एका फटक्यात दूर करून प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदार केले. ज्यांच्या जमातींना १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते आणि ज्यांना पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, तेही मतदार झाले. तो कायदा मात्र देशातून पूर्णपणे गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. त्या निवडणुकीत जळगावमधून हरी विनायक पाटसकर लोकसभेवर गेले, जे पुढे केंद्रात कायदा खात्याचे मंत्री झाले. एवढे सर्व बदलले, तरी कैद्याला मत नाकारणारे कलम कायम राहिले, उलट ते अधिक व्यापक झाले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मधील पाचव्या उपकलमानुसार तुरुंगात अथवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असलेल्या कोणालाही मत देता येत नाही. त्यात काळ्या पाण्याच्या सजेचा उल्लेख आजही आहे, जरी ती सजा दंड संहितेतून १९५६ पासून नाहीशी झाली. आयुष्यातील उमेदीची वर्षे ज्यांनी तुरुंगात घालविली होती, त्यांनीच बनविलेल्या संसदेने परक्या सरकारचा हा वारसा फारशी घासाघीस न करता पत्करला.

तथापि या कलमात एक उदारपणा आहे, आणि तो न्यायाने मान्य केला पाहिजे. आमच्याकडे खुनाची सजा भोगून बाहेर पडलेल्या माणसाला मतासाठी अर्ज, विनवणी किंवा माफीपत्र लागत नाही; फाटकाबाहेर पाऊल पडताच हक्क आपोआप त्याच्याकडे येतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत असे नाही. फ्लोरिडात सुमारे १४ लाख माणसे सजा संपल्यानंतरही मतापासून वंचित होती. २०१८ साली तेथील मतदारांनीच कौल देऊन, खून व लैंगिक गुन्हे वगळता, इतरांचा हक्क परत दिला, आणि दुसऱ्याच वर्षी तेथील विधिमंडळाने दंड व खर्चाची सर्व बाकी चुकविण्याची अट त्याला जोडली. उलट मेन आणि व्हरमाँट ही राज्ये कैद्याचे मत तुरुंगातही काढून घेत नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानेही कैद्यांच्या बाजूने निर्णय दिले आहेत.

उदारपणाच्या या बाजूला एक मोठी विसंगती चिकटलेली आहे. आमचा कायदा हक्क काढून घेताना दोष पाहत नाही, भिंत पाहतो. सजा झालेला माणूस अपिलात जामिनावर असेल तर तो रांगेत उभा राहून मत देतो. आणि ज्याचा दोष अद्याप सिद्ध झालेला नाही, पण जामिनाची रक्कम अथवा जामीनदार ज्याच्याकडे नाही, असा कच्चा कैदी मताला मुकतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरातले सुमारे शहात्तर, कच्चे कैदी होते. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला मात्र टपालाने मत देण्याची मुभा आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदोबस्ताचा ताण, खर्च आणि गुन्हेगारीला निवडणुकीपासून दूर ठेवण्याची गरज ही कारणे देऊन हे कलम वैध ठरविले. परंतु या कारणांपैकी पहिली दोन सोयीची आहेत, आणि तिसरे कच्च्या कैद्याला लागू करताना निकालाआधीच दोष गृहीत धरावा लागतो.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्याला मत देता येत नाही त्याला निवडणूक लढविता येते. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुजफ्फरपूरची जागा जिंकले. २०१४ साली जळगावचे सुरेश जैन यांनी, घरकुल प्रकरणाचा खटला चालू असता, तुरुंगातूनच विधानसभेची निवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने, मत नाही तर उमेदवारीही नाही, असा निर्णय दिला, तेव्हा त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून कैद्याचे नाव मतदार यादीत असेल तर मत देता न आले तरी त्याचे मतदारपण कायम राहते असे ठरविले. पुढाऱ्यांच्या उमेदवारीसाठी केलेल्या या दुरुस्तीचा लाभ सामान्य कैद्यालाही झाला: सजा भोगत असता त्याचे नाव यादीत टिकून राहण्यास आता कायद्याचा आधार आहे.

आणि मत खरोखर दोषामुळे जाते असे ठिकाण कायद्यात आहेच. ते म्हणजे निवडणुकीतील गुन्हे व भ्रष्ट आचार. मतदाराला लाच देणारा किंवा त्याला धमकावणारा दोषी ठरला तर तो तुरुंगाबाहेर असूनही सहा वर्षे मताला मुकतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील प्रचारभाषणांवरून सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निर्णयानंतर, १९९९ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने बाळ ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. आदेश लेखी, कारण स्पष्ट, मुदत ठरलेली. आणि निवडणुकीतील गुन्ह्याबद्दल आलेली अपात्रता दूर करण्याचा अधिकार कारणे नोंदवून वापरण्यासाठी निवडणूक आयोगाकडे दिलेला.

आमच्या कायद्याने स्वतःच घालून दिलेला हा कित्ता सर्वत्र का गिरवू नये? मत काढून घ्यावयाचे असेल तर ते न्यायाधीशाने निकालपत्रात, गुन्ह्याचे स्वरूप पाहून आणि मुदत सांगून काढावे. ज्याचा निकाल लागलेला नाही त्याचे मत तुरुंगातूनही, स्थानबद्धाप्रमाणे टपालाने, घ्यावे. आणि सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सुटकेच्या कागदाबरोबर त्याचे नाव यादीत कोठे आहे, आणि ते गळाले असल्यास नमुना क्रमांक ६ कोठे भरावयाचा, याची चिठ्ठी द्यावी. हक्क आपोआप परत येतो हे कायद्याला ठाऊक आहे, पण बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या माणसाला ते कोणी सांगितलेले नसते. खाज्या नाइकाला अधिकार परत मिळाला तो साहेबाच्या निकडीने, १९३७ च्या उमेदवाराला तो मिळे गव्हर्नराच्या विवेकाने, आणि आजच्या कैद्याला तो मिळतो फाटक उघडल्यामुळे. न्यायाने दिलेला आणि न्यायाने घेतलेला असा तो अजून व्हावयाचा आहे, आणि त्यासाठी संविधानात अक्षर बदलण्याची गरज नाही, एका उपकलमाची दुरुस्ती पुरे आहे.