केशरोपण आणि तरुण वय

डोक्याच्या मागील व कडेच्या, सहसा टक्कल न पडणाऱ्या भागातील केशपुटके (त्वचेतील ज्या सूक्ष्म पिशवीतून केस उगवतो ती) काढून त्याच व्यक्तीच्या केशहीन भागात रोवण्याच्या शस्त्रक्रियेस केशरोपण म्हणतात. पुरुषांतील सर्वसाधारण टकलावर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तेव्हापासून उपकरणे बारीक होत गेली व तंत्र पुष्कळ सुधारले. तथापि विशीतील तरुणावर ती करावी की नाही, हा प्रश्न मात्र कायम राहिला आहे.

टकलाची दखल भारतीय वैद्यकाने फार पूर्वी घेतली होती. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त (चाई) व खालित्य यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. वाताशी संयुक्त झालेले पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते आणि त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप बुजवून टाकतो, त्यामुळे नवे केस उगवत नाहीत, अशी त्याची उपपत्ती दिलेली असून रक्तमोक्षण व लेप हे उपचार सांगितले आहेत. महाराष्ट्रात मात्र टक्कल ही तरुणाची मोठी चिंता होण्यास बराच काळ जावा लागला. पेशवाईत व तिच्यानंतरही दीर्घकाळ पुरुष डोके भादरून शेंडी वा घेरा राखीत आणि त्यावर पगडी, पागोटे किंवा रुमाल असे. पुढे भांग पाडण्याची चाल आली, विसाव्या शतकात टोपीही मागे पडली आणि झाकलेले डोके उघडे झाले. वधूपरीक्षेइतकीच वरपरीक्षाही डोळ्यांनी होऊ लागली, हेही येथे विसरता येत नाही.

त्वचा एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊन जगविण्याची कला या प्रदेशास अपरिचित नव्हती. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या, इंग्रजी सैन्यातील बैलवाल्यास पुण्याजवळील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक करून दिले. त्याचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि यूरोपीय शस्त्रवैद्यांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. कपाळावरील त्वचेचा पट्टा केसांच्या रेषेपलीकडे गेला, तर नव्या नाकावरही केस उगवतात. त्वचा कोठेही नेली, तरी ती मूळ जागेचा धर्म सोडत नाही, हे त्यातून दिसते. केशरोपणाचे सारे शास्त्र पुढे याच गोष्टीवर उभे राहिले.

नासासंधानासाठी ख्यातनाम झालेले जर्मन शस्त्रवैद्य योहान फ्रीड्रिख डीफेनबाख (१७९२–१८४७) यांनी १८२२ मध्ये वुर्ट्‌सबुर्ख येथे सादर केलेल्या प्रबंधात केस व पिसे यांच्या रोपणाचे प्रयोग वर्णिले आहेत. त्यांतील काही त्यांनी स्वतःच्या दंडावर केले होते. त्यानंतर शतकभर या दिशेने फारसे काही घडले नाही. १९३९ मध्ये जपानी त्वचारोगतज्ञ शोजी ओकुडा यांनी लहान गोल पात्याच्या नळीने केसांसह त्वचेच्या चकत्या काढून त्या भाजल्याने केशहीन झालेल्या डोक्यावर, भुवईवर इ. ठिकाणी रोवल्याचे प्रसिद्ध केले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हे कार्य पश्चिमेस अज्ञातच राहिले.

दरम्यान टकलाचे कारण स्पष्ट होत होते. अमेरिकन शारीरविज्ञ जेम्स बी. हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये असे दाखविले की, वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाही. पण त्यांस पुं-हॉर्मोन (पुरुषत्वाचा उत्तेजक स्राव) दिल्यास, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. आनुवंशिकता, हॉर्मोन व वय ही तीन कारणे एकत्र यावी लागतात. टकलाच्या अवस्थांचे त्यांनी १९५१ मध्ये केलेले वर्गीकरण ओ’टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारून सात प्रकारांत मांडले. कानशिलावरील केस मागे हटणे ही यातील आरंभीची पायरी होय. विशीत तेथे असलेला तरुण चाळिशीत कोठे असेल, हे त्या वेळी निश्चित सांगता येत नाही.

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ञ नॉर्मन ओरेनट्राइख (१९२२–२०१९) यांनी १९५२ मध्ये टकलावर पहिले रोपण केले व १९५९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोवलेला केस नव्या जागेचे नव्हे तर मूळ जागेचे गुणधर्म पाळतो, या तत्त्वास त्यांनी ‘दात्याचे प्राबल्य’ असे नाव दिले. रोपण यशस्वी होते ते यामुळेच. तरुणाच्या बाबतीत घोटाळा होतो तोही यामुळेच. रोवलेले केस टिकतात. त्यांच्याभोवतीचे मूळचे केस मात्र आपल्या क्रमाने गळतच राहतात. पंचविशीत कपाळावर दाट व खाली ओढलेली रेषा करून घेतलेल्या माणसाच्या पुढे केसांचा एक पट्टा, त्यामागे मोकळे मैदान आणि सर्वांत मागे पुन्हा केस, अशी अवस्था होऊ शकते. हे मैदान भरण्यास दाता क्षेत्रात पुरेशी केशपुटके उरलेली असतीलच असे नाही, कारण हा साठा आयुष्यभरासाठी ठराविक असतो आणि काढलेली पुटके तेथे पुन्हा निर्माण होत नाहीत.

त्या काळी सु. ४ मिमी. व्यासाच्या चकत्या रोवीत. प्रत्येक चकतीत दहा-पंधरा केस एकत्र असत. त्यामुळे भोवतालचे केस गळताच बाहुलीच्या डोक्यावर टोचलेल्या झुपक्यांसारखे दृश्य दिसे. अशा माणसास डोके भादरून मोकळे होण्याचा मार्गही राहत नसे, कारण व्रण उघडे पडत. केस नैसर्गिक रीत्या एक ते चारच्या गटांनी उगवतात, हे जे. टी. हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये वर्णिले आणि टेक्ससचे बॉबी लिमर यांनी १९८८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली हे गट सुटे करून रोवण्यास आरंभ केला. पुढे मागील त्वचेची पट्टी न कापता एकेक गट बारीक नळीने काढण्याची पद्धत आली. विल्यम रासमन व सहकाऱ्यांनी ती २००२ मध्ये विस्ताराने मांडली. पट्टीच्या पद्धतीत डोक्यामागे एक आडवी रेघ राहते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर क्षौर करण्याची रूढी जेथे आहे, तेथे तरुणास ती आधी सांगणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेस औषधांची जोड याच काळात मिळाली. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिलचा लेप १९८८ मध्ये व फिनॅस्टेराइडची १ मिग्रॅ.ची गोळी १९९७ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्य झाली. दोन्हींचा उपयोग मूळचे केस राखण्यास होतो. मात्र घेणे थांबविल्यास परिणाम ओसरतो. फिनॅस्टेराइडमुळे काहींना लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम होतात. तरुणाने प्रथम काही काळ औषध घेऊन केसगळतीची गती पाहावी, असे अनेक तज्ञ सांगतात, ते यामुळेच.

भारतात हा व्यवसाय एकविसाव्या शतकात फैलावला. भारतीय त्वचारोगतज्ञांच्या संघटनेची केशरोपणाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे पुण्याचे नरेंद्र पटवर्धन व बंगलोरचे वेंकटराम म्हैसूर यांनी २००८ मध्ये मांडली. ज्यांचे टक्कल अद्याप वाढत आहे अशा अगदी तरुण व्यक्तींबाबत सावधगिरी बाळगावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. घनता दर चौ. सेंमी.स ३५ ते ४५ गट असावी व योग्य वाढ दिसण्यास सु. ९ महिने लागतात, हे रुग्णास समजावे, असेही त्यांत आहे. लग्न ठरल्यावर दोन-तीन महिने आधी येणाऱ्या तरुणाचा हेतू त्यामुळे साधत नाही. उलट शस्त्रक्रियेच्या आघाताने जवळचे क्षीण केस तात्पुरते गळून डोके अधिक विरळ दिसण्याचा संभव असतो.

शस्त्रक्रिया स्थानिक भुलीखाली होत असली, तरी ती निर्धोक नाही. २०१६ मध्ये चेन्नईत केशरोपणानंतर एका बावीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये मुंबईतही एक मृत्यू घडला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढून, कार्यशाळेत वा यूट्यूबवर पाहणे हे या शस्त्रक्रियेचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे आणि ती औपचारिक शल्यप्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यांनीच करावी, असे जाहीर केले.