त्रैराशिकातील संसार

बदलीच्या नोकरीत हिशेब पाठ सोडीत नाही. जुन्या गावचे भाडे, नव्या गावचे भाव, भत्त्याची रक्कम यांचा मेळ आम्ही बंगळूरची मराठी नोकरदार मंडळी बहुधा एकाच रीतीने घालीत असतो. ती रीत म्हणजे त्रैराशिक. तीन राशी ठाऊक, चौथी काढावयाची, एवढेच तिचे मर्म. परंतु तिच्या जुन्या उदाहरणांत त्या काळचा सारा संसार साठविलेला आहे.

आम्ही राहतो त्या कर्नाटकाचे या विद्येशी नाते जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. बाराव्या शतकात राजादित्याने 'व्यवहारगणित' कन्नडात लिहिले. त्याच शतकातील, ११५० ची, भास्कराचार्यांची 'लीलावती'.

भास्कराचार्य तीन राशींस प्रमाण, फल आणि इच्छा म्हणतात. प्रमाण व इच्छा एकाच जातीची. ती दोन टोकांस मांडावी, फल मध्ये. फलास इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. त्यांचेच उदाहरण पाहा. तीन सप्तमांश निष्कास अडीच पल केशर मिळते, तर नऊ निष्कांस किती? अडीच गुणिले नऊ, साडेबावीस. तीन सप्तमांशाने भागणे म्हणजे सातांनी गुणून तिहींनी भागणे. साडेबावीस साते एकशे साडेसत्तावन्न. त्याचा तिसरा भाग साडेबावन्न. चार कर्षांचा एक पल, म्हणून उत्तर ५२ पल २ कर्ष.

इच्छा वाढली असता फल घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक. त्याचे उदाहरण मात्र वाचताना मन थबकते. सोळा वर्षांच्या स्त्रीस ३२ निष्क पडतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीस किती? बत्तीस गुणिले सोळा, ५१२; भागिले वीस, २५ पूर्णांक ३ पंचमांश. हिशेब बिनचूक आहे. आणि हे ज्या ग्रंथात येते त्याचे नाव एका स्त्रीचे! ती आचार्यांची कन्या होती, अशी आख्यायिका फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरापासून चालत आली आहे.

हे उदाहरण झाकून ठेवावे, असे आम्हांस वाटत नाही. माणसांचा बाजार भरत होता, याची ती साक्ष आहे. त्रैराशिकास केशर आणि माणूस दोन्ही सारखेच. राशीच्या जागी काय मांडावे, हे रीत सांगत नाही.

चाळीसगावजवळील पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी, त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. तेथील १२०७ च्या शिलालेखाचा काही भाग मराठीत आहे, आणि त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा मठास लावून दिला आहे. बाजाराने गणितास उदाहरणे दिली, तशी भाकरीही दिली.

आम्हां कारकुनांचे काम आकड्यांचे. बेरीज जुळली की कागद पुढे सरकतो. पण त्या बेरजेच्या वर कोणाचे नाव मांडले आहे, हे वाचावयास क्षणभर थांबावे, एवढे तरी जुन्या त्रैराशिकाने आम्हांस शिकवावे.