दान आणि पारख

शुक्रवार पेठेतील मंडईची वास्तू 1886 मध्ये उभी राहिली. माल निरखून घ्यावा, वजन पाहावे आणि मगच दाम मोजावे, ही तेथील बाजाराची रीत. सार्वजनिक संस्थांनी दान स्वीकारतानाही हीच पारख ठेवावी, असा इतिहासाचा दाखला आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला व गावोगावी फिरून, लहानसहान वर्गण्या गोळा करून तो वाढविला. त्यांच्याच प्रयत्नांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठास 15 लाख रुपयांचे दान जाहीर केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. तथापि दाता सर्वपरिचित उद्योगपती होता, हेतू उघड होता आणि विद्यापीठास मातोश्री नाथीबाई यांचे नाव द्यावे, ही अटही स्पष्ट होती.

प्रत्येक मोठे दान असे नसते. अमेरिकेतील ‘न्यू एरा फिलॉन्थ्रॉपी’ या प्रतिष्ठानाचा प्रमुख जॉन बेनेट याने धर्मादाय संस्थांना सांगितले, की काही महिने रक्कम आपल्याकडे ठेवल्यास निनावी दाते ती दुप्पट करतील. प्रारंभी रक्कम खरोखरच दुप्पट होऊन परत येई. त्यामुळे विश्वास वाढला. वस्तुतः निनावी दाते नव्हतेच. नव्या संस्थांचा पैसा जुन्यांना दिला जात होता. मिशिगनमधील एका लहान महाविद्यालयात हिशेब सांभाळणारे अल्बर्ट मेयर यांना शंका आली. त्यांच्या महाविद्यालयानेही तेथे रक्कम गुंतविली होती. वरिष्ठांनी आरंभी त्यांचे ऐकले नाही. मेयर यांनी चिकाटीने कागदपत्रे तपासली आणि मे 1995 मध्ये हा डोलारा कोसळला. संस्था व दात्यांचे सुमारे साडेतेरा कोटी डॉलर बुडाले. 1997 मध्ये बेनेटला बारा वर्षांची शिक्षा झाली.

आज महाराष्ट्रातील विश्वस्तांपुढे हाच मोह निराळ्या वेषात येतो. रुग्णालयासाठी वा वसतिगृहासाठी कोट्यवधींचा सीएसआर निधी मिळवून देतो, असे मध्यस्थ सांगतो. मात्र आधी ‘प्रक्रिया शुल्क’ मागतो, किंवा निधीचा काही भाग रोख परत करण्याची अट घालतो. संस्थेकडूनच आधी पैसे मागणारा दाता नव्हे. रोख परतीची अट मान्य करणारा विश्वस्त तर स्वतःच गैरव्यवहारात भागीदार होतो.

म्हणून दात्याची ओळख पटवावी, कंपनीच्या कार्यालयाशी थेट पत्रव्यवहार करावा, रक्कम बँकेमार्फतच घ्यावी आणि निर्णय सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा. शंका घेणाऱ्या हिशेबनिसाला गप्प करू नये.

आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त गृहस्थाच्या गुणांमध्ये न्यायसंपन्न वैभवाला पहिले स्थान दिले. जो नियम गृहस्थाच्या तिजोरीला, तोच संस्थेच्या दानपेटीला. न्यायाने आलेला एक रुपया संस्थेची पत वाढवितो. संशयास्पद कोटी मात्र पन्नास वर्षांची पुण्याई एका दिवसात घालवू शकतात.